घर बदलल्यापासून मांजर किंवा कुत्रा एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा शू करतोय? कारण असं शोधा

"जुन्या घरी कधी शूच्या ट्रेच्या बाहेर एक थेंब नाही, आणि इथे आल्यापासून रोज हॉलच्या त्याच कोपऱ्यात. पुसतो, धुतो, फिनेल मारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच." घर बदललेल्या लोकांकडून ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. भाड्याचं घर अकरा महिन्यांनी बदलणारे, रीसेलचा फ्लॅट घेऊन राहायला गेलेले, इमारत रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून तात्पुरत्या जागेत आलेले, सगळ्यांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने सारखंच. आणि बहुतेकांची एक समजूत असते, की घर सोडायला लावलं म्हणून ते आपल्यावर राग काढतंय.

ही समजूत आधी काढून टाका, कारण तिच्यामुळेच उपाय चुकतात. मांजर कुणावर सूड म्हणून शू करत नाही. त्याला घर ओळखू येतं ते वासाने. दाराची कड, सोफ्याचा कोपरा, तुमची पोटरी, यांना ते गाल घासतं तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ठेवत असतं. आपल्याला तो वास येत नाही, पण ही जागा आपली आहे आणि इथे धोका नाही, हे त्याला त्यावरूनच कळतं. घर बदललं की हा सगळा नकाशा एका दिवसात पुसला जातो. त्यातून नव्या घरात परक्या जनावराचा वास आधीच मुरलेला असेल, तर त्यावर आपला वास चढवण्याची धडपड सुरू होते. कुत्र्याचंही बरंचसं असंच, फक्त त्याची गाडी आणखी एका ठिकाणी अडते, ते पुढे सांगते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग वास, मग घरातली मांडणी. ओरडणं, नाक त्या ओल्या जागी घासणं, बाथरूममध्ये कोंडणं याने फक्त भीती वाढते, आणि घाबरलेलं मांजर आणखी जास्त ठिकाणी शू करतं.

आधी डॉक्टरांकडे, आणि बोका असेल तर लगेच

घर बदलण्याच्या ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हे जनावरांच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. यात जंतुसंसर्ग असेलच असं नाही, तपासणीत जंतू सापडतही नाहीत, पण शू करताना आग होते. मग मांजराच्या डोक्यात बसतं, की ट्रेमध्ये गेलं की दुखतं. ते ट्रे टाळतं आणि गार फरशी, बाथरूमची मोरी, गादी, धुवायच्या कपड्यांचा ढीग अशा जागा शोधतं. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा शू, गुलाबी छटा, सारखं मागचा भाग चाटणं, ट्रेमध्ये बसून ओरडणं, यातलं काही दिसलं तर फरशी पुसण्यात दिवस घालवू नका.

बोक्याच्या बाबतीत हे जास्त गंभीर. त्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती बंद पडू शकते. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन जोर लावतोय आणि काहीच बाहेर येत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर परिणाम होतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कित्येकांना हे बद्धकोष्ठासारखं वाटतं. ते एरंडेल पाजत बसतात आणि हातची वेळ निघून जाते. म्हणून नव्या भागात राहायला जाण्याआधीच रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे विचारून नंबर फोनमध्ये ठेवा. सामान बांधायच्या यादीत हे पहिलं काम असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. तिच्यातला घटक त्याच्या यकृताला पचवता येत नाही.

कुत्र्याच्या बाबतीतही लघवीची तपासणी आधी करून घ्यावी. नसबंदी झालेल्या, वय झालेल्या कुत्रीला झोपेत शू होत असेल तर घरबदलाशी त्याचा काही संबंध नसतो, त्यावर औषध मिळतं. अचानक खूप पाणी पिणं आणि खूप शू होणं हेही वेगळंच लक्षण आहे, तेही डॉक्टरांना सांगा.

आडवी शू की उभी?

शरीर ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की कोपऱ्याकडे नीट बघा. फरशीवर थारोळं आहे, की भिंतीवरून, पडद्यावरून, दाराच्या चौकटीवरून ओघळ आलाय? मांजर खाली बसून फरशीवर शू करत असेल तर प्रश्न बहुधा ट्रेचा, त्याच्या जागेचा किंवा दुखण्याचा असतो. शेपूट उभी करून, ती थरथरवत, मागे फवारा मारत असेल तर ते हद्द आखतंय.

हद्द आखणाऱ्याची नसबंदी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्यानंतर बंद होतं किंवा खूप कमी होतं. नसबंदी होऊनही करत असेल तर खिडकीतून बाहेर बघा. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या घरांत हमखास दिसतं, की पार्किंगमधलं एखादं मांजर रोज ठरल्या वेळी खिडकीच्या कठड्यावर येऊन बसतं आणि घरातलं मांजर आतल्या बाजूने बरोबर त्याच खिडकीखाली फवारतं. तेवढ्या काचेवर खालून दीड-दोन फूट अपारदर्शक फिल्म लावली, बाहेर कठड्यावर खाणं ठेवणं थांबवलं, तरी बराच फरक पडतो. बाहेरच्या मांजराला खायला घालायचंच असेल तर इमारतीच्या दुसऱ्या बाजूला घाला.

रीसेलचा फ्लॅट असेल तर जुन्या मालकाचं जनावर शोधा

हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या शूचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. ओळखीतल्या एका कुटुंबाने पुण्यात बाणेरला रीसेलचा फ्लॅट घेतला. त्यांची मांजरी बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारच्या कोपऱ्यातच शूला बसायची, दुसरीकडे कुठेही नाही. घर रंगवून घेतलेलं, फरशी चकचकीत. आम्ही रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, तर स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या, वरच्या कडेला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, पिवळसर हिरवे ओघळ चमकले. एकाशेजारी एक, वेगवेगळ्या वेळचे. नवा रंग स्कर्टिंगपर्यंत येऊन थांबला होता आणि ओघळ स्कर्टिंगच्या टाइलवरून खालच्या फटीत उतरले होते. चौकशी केल्यावर कळलं की आधीच्या मालकांकडे कुत्रा होता आणि फिरायला न्यायला उशीर झाला की तो त्या दाराशीच शू करायचा. मांजरी त्याच्याच खुणेला उत्तर देत होती.

असा टॉर्च ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा घ्या. पूर्ण अंधार करा, टॉर्च जमिनीजवळ धरा आणि सावकाश सरका. बाल्कनीचं दार, मुख्य दाराची चौकट, किचनच्या ओट्याचे पाय, फर्निचर होतं त्या भिंतींचे कोपरे, लाकडी दारांची खालची कड, एवढ्या जागा आधी बघा. साबणाचे आणि डिंकाचे डागही चमकतात, म्हणून शंका आली की नाक जवळ नेऊन वास घ्या.

वास कोरड्या दिवसांत येत नाही आणि पावसाळ्यात येतो, यालाही कारण आहे. लघवीतला युरिया पाण्याने धुवून जातो, पण युरिक अॅसिडचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते फटीत, सिमेंटमध्ये, लाकडात बसून राहतात आणि हवेत दमटपणा आला की वास पुन्हा सुटतो. मार्चमध्ये बघायला गेलेलं घर जुलैमध्ये वेगळंच वाटतं, ते यामुळे. घर विकत घेताना शक्य असेल तर पावसाळी हवेत, खिडक्या बंद असताना एक फेरी मारा. आणि एजंटला नव्हे, थेट मालकाला सरळ विचारा की इथे कुत्रा-मांजर होतं का, ते कुठे बसायचं. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

काय वापरू नका, काय वापरा

मराठी घरात फरशी म्हटली की फिनेल आणि डेटॉल. मांजर असलेल्या घरात दोन्ही बंद करा. काळ्या फिनेलमधले फिनॉल जातीचे पदार्थ आणि डेटॉलमधला क्लोरोझायलेनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, म्हणजे थेट पोटात. त्यातून फिनेलचा उग्र वास लघवीचा वास झाकतो तो आपल्यापुरता. मांजराला खालचा वास येतच राहतो, उलट वर एक नवा परका वास चढल्यामुळे ते आणखी जोराने खूण करतं. अमोनिया असलेले क्लीनर तर मांजराला लघवीसारखेच वाटतात. ब्लीचचा लघवीतल्या अमोनियाशी संयोग झाला की विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो माणसालाही त्रास देतो. अॅसिडने फरशी घासणं सोडूनच द्या.

लागतं ते एन्झाइमवालं क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात 'युरिन रिमूव्हर' म्हणून मिळतं, पण लेबलवर एन्झाइम असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. नुसता सुगंध असलेलं घेतलं तर फिनेलच्याच वाटेने जाल. वापरण्याची पद्धत त्यापेक्षा महत्त्वाची. बहुतेक जण दोन फवारे मारून लगेच पुसतात, त्याने काहीच होत नाही. आधी साध्या पाण्याने जागा पुसून कोरडी करा. मग लघवी जिथपर्यंत मुरली असेल तिथपर्यंत द्रव मुरेल एवढा ओता. फटीत जाऊ द्या, वर प्लॅस्टिक टाकून काही तास ओलं ठेवा आणि मग स्वतःहून वाळू द्या. पंख्याने घाईने वाळवू नका, एन्झाइमला ओल लागते. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. पूर्ण वाळेपर्यंत जनावराला तिथे जाऊ देऊ नका, आणि आधी डेटॉल-फिनेल मारलं असेल तर तो थर साध्या पाण्याने भरपूर धुवून मगच हे ओता, नाहीतर एन्झाइमचं काम होत नाही.

फरशी कोणती आहे तेही बघा. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः शोषत नाही, तिथे दोष ग्राउटचा, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरलेल्या मिश्रणाचा असतो. ग्राउट खरवडून नवं भरलं की प्रश्न बहुतेक वेळा मिटतो. शहाबादी, कोटा आणि संगमरवर मात्र शोषतात, आणि त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावलं तर दगड खातं, चमक जाते. तिथे फक्त एन्झाइम, आणि दगड पूर्ण वाळल्यावर दगडाचा सीलर. बाणेरच्या त्या घरात स्कर्टिंगचे तीन तुकडे काढून आतलं सिमेंट भिजवून स्वच्छ करावं लागलं, मग फट भरून भिंतीच्या खालच्या पट्ट्याला वास अडवणारं प्रायमर आणि वर रंग. खर्च गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीएवढा. त्याआधी त्यांनी बाटल्यांवर यापेक्षा जास्त पैसे घातले होते.

ट्रे कुठे ठेवलाय?

फ्लॅटमध्ये सगळ्यांना ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवायला आवडतं, कारण वास बाहेर राहतो. पण तिथेच वॉशिंग मशीन असतं. मांजर ट्रेमध्ये बसलं आणि शेजारी मशीनने स्पिन घेतला, की ते पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. नव्या घरात आवाजांची सवय झालेली नसते तेव्हा तर नक्कीच. पहिले काही आठवडे ट्रे शांत जागी, मांजराला दोन्ही बाजूंनी येणारं माणूस दिसेल अशा ठिकाणी ठेवा, खाण्याच्या भांड्यापासून लांब. मांजरं जितकी असतील त्याहून एक ट्रे जास्त. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अंतराच्या दीडपट असावी. बाजारात मिळणारे बरेच ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. बाजू कमी उंचीची करून घेतलेलं प्लॅस्टिकचं मोठं टबही चालतं.

घर बदलताना बाकी सगळं बदलतंच, तेव्हा लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची वाळू, तरी तेच ठेवा, तीच कंपनी, तोच दाणा. जुन्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर पिशवीत बांधून न्या आणि नव्या ट्रेमध्ये मिसळा. आणि कोपऱ्यातली शू बंद होईपर्यंत त्याच कोपऱ्यात तात्पुरता एक ट्रे ठेवायला संकोच करू नका. तो मग रोज थोडा थोडा, हातभर, योग्य जागेकडे सरकवता येतो. कोपरा स्वच्छ झाल्यावर तिथे खाण्याचं भांडं ठेवलं तरी चालतं, मांजर सहसा खाण्याच्या जागी शू करत नाही.

आल्या आल्या सगळं घर उघडं करू नका

नवं घर एकदम दिलं तर मांजराला ते झेपत नाही. एक खोली निवडा, शक्यतो बेडरूम. तिथे ट्रे, पाणी, खाणं, जुनं अंथरूण, तुमचा न धुतलेला टी-शर्ट आणि दडायला एक खोका, असं सगळं सामान यायच्या आधी लावून ठेवा. मग कॅरिअर तिथे ठेवून दार उघडा आणि त्याला हवं तेव्हा बाहेर येऊ द्या. जुनं अंथरूण धुवून नेऊ नका, त्याच्यावरचा वास हीच पहिल्या दिवसांतली त्याची शिदोरी आहे. ते नीट खायला लागलं, ट्रे वापरायला लागलं, शेपूट वर करून फिरायला लागलं की पुढची खोली उघडा. गालाच्या ग्रंथीतल्या वासासारखा कृत्रिम वास सोडणारे डिफ्यूझर मिळतात, फेलिवे हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. काही मांजरांना त्याचा उपयोग होतो, पण बाकी काही न करता नुसता तो लावून चालत नाही.

एक धोक्याची खूण इथे लक्षात ठेवा. मांजर दडून बसणं ठीक आहे, पण दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. मांजर उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ मांजर, की चरबी यकृतात साठून यकृत निकामी व्हायला लागतं.

वास्तुशांत किंवा दूध उतू घालायचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी मांजराला बंद खोलीत ठेवा आणि दारावर कागद लावा, किंवा ओळखीच्या घरी पाठवा. होमाचा धूर, पन्नास चपला, सतत उघडं दार, या गोंधळात मांजर जिन्याने निघून जातं. जमत असेल तर होम आधी उरका आणि मांजराला नंतर आणा. भेट म्हणून येणारे पुष्पगुच्छ तपासा. त्यात लिली असेल तर ते घराबाहेर ठेवा, कारण लिलीचं पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी बंद पाडतं. डासांसाठी बशीत ठेवलेला कापूर आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कुत्रा-मांजर दोघांनाही विषारी आहेत.

कुत्रा असेल तर जमीन बघा

कुत्र्याला शू करण्याची जागा पायाखालच्या स्पर्शाने ठरलेली असते. बंगल्यात, वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत मातीवर, गवतावर जायची सवय झालेला कुत्रा नव्या टॉवरमध्ये येतो, तर खाली फक्त पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग. तो फिरून येतो, रोखून धरतो आणि घरात आल्यावर पायपुसण्यावर, गालिच्यावर, बाल्कनीतल्या कुंडीजवळ सोडतो, कारण तेवढंच त्याला पायाला मऊ लागतं. याला हट्ट म्हणू नका. राहायला जाण्याआधी एक-दोनदा त्याला नव्या परिसरात फिरवून आणा, मातीची पट्टी कुठे आहे ते बघून ठेवा. शू लागलेला जुना वर्तमानपत्राचा तुकडा नेऊन त्या जागी ठेवा. पहिले काही आठवडे वेळा वाढवा आणि खाली जाऊन शू झाली की जागच्या जागी खाऊ द्या, घरात आल्यावर नव्हे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्टची वाट बघण्याचा वेळही हिशेबात धरा, पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तेवढंही धरवत नाही. त्यांच्यासाठी बाल्कनीत खऱ्या मातीचा-गवताचा उथळ ट्रे करून घेतलेला बरा.

नव्या भागातल्या भटक्या कुत्र्यांचा दबाव हेही घरात शू होण्याचं मोठं कारण असतं. गेटबाहेर चार कुत्री अंगावर येत असतील तर तुमचा कुत्रा घाबरून काहीच करत नाही. वॉचमनला, रोज खायला घालणाऱ्यांना विचारून त्यांच्या वेळा समजून घ्या आणि तुमची फेरी त्या वेळा टाळून ठेवा.

सोसायटीने लिफ्ट नाकारली आणि त्यामुळे जिने उतरेपर्यंत शू झाली, असंही घडतं. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवा. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. पाळीव प्राण्यांना बंदी करणारे रहिवासी संघांचे नियम २०२१मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही बेकायदा ठरवले. पण तुमची बाजूही पक्की हवी: रेबीजची लस वेळेवर, महापालिकेचा परवाना, पट्टा हातात आणि शी उचलायला पिशवी खिशात. भाडेकरू असाल तर घरमालकाशी झालेला करार ही वेगळी गोष्ट आहे, त्यात पाळीव प्राण्याला परवानगी असल्याचं वाक्य सही करण्यापूर्वी घालून घ्या.

जाळी, आणि जुन्या घराकडे पळणं

नव्या टॉवरच्या सरकत्या खिडक्यांना ग्रिल नसतं आणि पुष्कळ ठिकाणी बाहेरून लावू देत नाहीत. घाबरलेलं मांजर कठड्यावर चढतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, पण छातीला आणि तोंडाला मार सर्रास होता, आणि दवाखान्यापर्यंत न पोचलेली या आकड्यात नाहीत. तेव्हा मांजर चार पायांवर पडतं म्हणून विसंबू नका. आतल्या बाजूने जाळी लावता येते. साधी नायलॉनची कबुतरजाळी मांजर दाताने कुरतडतं, जाड दोऱ्याची किंवा स्टीलची घ्या. जाळीवाला सामान यायच्या आधी येऊन गेला पाहिजे, नंतर नव्हे.

रो हाऊस, बंगला, तळमजला अशा ठिकाणी मांजर जुन्या घरी परत जाण्याचा धोका असतो, विशेषतः अंतर थोडं असेल तर. निदान महिनाभर बाहेर सोडू नका. जुन्या घराच्या नव्या मालकांना फोटो आणि नंबर देऊन ठेवा, आणि मांजर आलं तर प्रेमाने का होईना खायला न घालता लगेच कळवा, अशी विनंती करा. खाणं मिळालं की ते पुन्हा पुन्हा जातं.

तुमचं घर विक्रीला असेल तर

वरचं सगळं उलट बाजूनेही करा. आपल्याला आपल्या घरातला वास येत नाही, नाक सरावलेलं असतं. कुत्रा-मांजर नसलेल्या मित्राला बोलवून दारात उभं करा आणि पहिल्या श्वासाला काय वास आला ते स्पष्ट सांगायला लावा. टॉर्च मारून डाग काढा, ग्राउट नवं भरा, मगच रंगकाम काढा. आधी रंग आणि नंतर सफाई केली तर पैसे वाया जातात. घर बघायला लोक येतील तेव्हा अगरबत्ती आणि रूम फ्रेशनरचा मारा करू नका, त्यानेच शंका येते. खिडक्या उघड्या ठेवणं पुरेसं आहे. जनावराला तेवढा वेळ शेजारी किंवा गाडीतून फिरवायला न्या, मात्र बंद गाडीत ठेवून जाऊ नका. अनोळखी लोकांच्या सततच्या येण्याने त्याचा ताण विक्रीआधीच सुरू होतो, म्हणून घर दाखवण्याच्या वेळा दोन ठरावीक दिवसांत बसवा. आणि घेणाऱ्याने विचारलं तर खरं सांगा. ती खूण पुढे दुसऱ्या एखाद्या मांजराच्या वाट्याला येणार असते.

नव्या घरात जमत नाही म्हणून त्याला जुन्या सोसायटीतच, "तिथे त्याला सवय आहे" म्हणत सोडून जाणारेही आहेत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल असं टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे नावापुरताच. पण घरात वाढलेलं मांजर पार्किंगमध्ये फार दिवस जगत नाही. खरोखरच नेता येत नसेल तर आधी नवं घर शोधा, मग जुनं सोडा.

हे सगळं करून चार-सहा आठवड्यांनीही शू थांबली नाही, तर रोज कुठे, किती वाजता, आडवी की उभी, त्याआधी घरात काय चाललं होतं, हे वहीत लिहून काढा आणि तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ताण कमी करणारी औषधं मांजरांना आणि कुत्र्यांनाही देतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची आणि त्यांना न विचारता मधेच बंद करायची नाहीत. नुसतं "अजून करतंय" सांगण्यापेक्षा त्या वहीवरून त्यांना कारण लवकर सापडतं.